सुकणारे सरोवर, सुकवलेले सरोवर

गावातील सोनार तुटलेला दागिना झाळावयास घेतो तेव्हा सांध्यावर प्रथम एक पांढरी भुकटी पाण्यात कालवून लावतो. ही भुकटी म्हणजे टाकणखार. कोणी तिला सवागीही म्हणतात. तिच्यामुळे धातूवरील मळ सुटतो आणि झाळ सांध्यात नीट उतरते. आज टाकणखार मोठमोठ्या खाणींतून येतो. पण पूर्वी तो तिबेटातील खारट सरोवरांच्या काठी गोळा होई आणि मेंढ्यांच्या पाठीवरून हिमालयाच्या खिंडी ओलांडून हिंदुस्थानात येई. संस्कृतातील ‘टंकण’ हा शब्दही मालाबरोबर प्रवास करीत परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी गेला आणि ‘टिंकल’ होऊन युरोपात पोचला. ज्या पाण्याला तोंड लावता येत नाही आणि ज्याच्या काठी पीक येत नाही, अशा पाण्याने आपल्या घरोघरच्या दागिन्यांची अशी सेवा केली आहे. तरीही अशा जागेचे नाव सरकारी दप्तरात घालावयाचे म्हटले की आपल्या लेखणीतून एकच शब्द उतरतो, तो म्हणजे ‘पडीक’.

या शब्दाची जरा तपासणी करावी, एवढ्यासाठीच हा लेख आहे. त्यासाठी वाचकांना एका दूरच्या ठिकाणी न्यावे लागेल. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, नेवाडाच्या सीमेलगत, आल्वर्ड नावाचे एक सरोवर आहे. ‘आहे’ हे क्रियापद येथे थोडे जपूनच वापरावे लागते. कारण वसंतात तेथे गेलेल्या प्रवाशाला उथळ, दुधट पाण्याचा विस्तीर्ण पट्टा दिसतो आणि शरदात गेलेल्याला त्याच जागी भेगाळलेली पांढरी जमीन दिसते. दोघांनी एकमेकांना पत्रे लिहिली, तर त्यांपैकी एक खोटे बोलत आहे असेच तिसऱ्याला वाटावयाचे. वस्तुतः दोघेही खरे सांगत असतात. भरणे आणि सुकणे हाच या सरोवराचा स्वभाव आहे.

पर्वताच्या पाठीमागचा प्रदेश

आल्वर्ड ज्या हार्नी परगण्यात येते त्याचे क्षेत्रफळ आपल्या राज्यातील सर्वांत मोठ्या, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या सुमारे दीडपट भरेल. २०२० च्या शिरगणतीत तेथील लोकसंख्या मात्र साडेसात हजारांच्या आसपास होती. आपल्याकडे एखाद्या मोठ्या बाजारगावात याहून अधिक माणसे राहतात. या निर्मनुष्यतेचे कारण पाऊस, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर पावसाचा अभाव. पॅसिफिक महासागरावरून येणारे ढग आधी कॅस्केड पर्वतावर रिते होतात आणि जे काही उरते ते स्टीन्स पर्वत अडवून घेतो. सह्याद्रीच्या पूर्वेला माणदेशाची जी गत, तीच स्टीन्सच्या पूर्वेला या खोऱ्याची. पण तेथे ती कितीतरी कठोर आहे. वर्षाकाठी सुमारे सात इंच पाऊस पडतो. आपले दुष्काळाने गांजलेले सोलापूरदेखील याच्या तिपटीच्या घरात जाते.

स्टीन्स हा एका बाजूने हळूहळू चढत जाणारा आणि दुसऱ्या बाजूने एकदम तुटलेला पर्वत आहे. त्याचे शिखर ९,७३३ फुटांवर, तर पूर्वेचे खोरे सुमारे चार हजार फुटांवर आहे. म्हणजे खोऱ्यात उभे राहिले की पाच हजार फुटांहून उंच अशी भिंत समोर दिसते. हिवाळ्यात या भिंतीवर बर्फ साचते आणि वसंतात ते वितळून ओढ्यांनी खाली येते. सखल भागात पोचलेल्या या पाण्याला पुढे वाट नसते. हे खोरे चहूबाजूंनी बंद आहे. येथून एकही थेंब समुद्राला मिळत नाही. पाणी पसरते, वीतभर खोल, मैलोगणती रुंद असे राहते, आणि उन्हाने व वाऱ्याने आकाशात परत जाते. मागे जे विरघळलेले असते ते मात्र उडत नाही. ते राहते, दरवर्षी राहते, हजारो वर्षे राहत आले आहे.

नेहमीच असे नव्हते. हिमयुगात या खोऱ्यात सुमारे दोनशे फूट खोल पाणी होते. त्या प्राचीन सरोवराच्या काठाच्या पायऱ्या डोंगरउतारांवर आजही ओळखता येतात. हवामान कोरडे होत गेले, पाणी आक्रसत गेले, आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून त्या समुद्रवजा सरोवराचे हे ऋतुमानाप्रमाणे येणारे-जाणारे अवशेष उरले. आल्वर्ड सुकले ते निसर्गाच्या संथ हाताने. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावयास हवी.

खार कोठून येतो?

शालेय पुस्तकात वाचलेले असते की समुद्राला न मिळणाऱ्या सरोवराचे पाणी खारट होते. हे खरे, पण अर्धेच. सर्व बंद सरोवरे एकाच प्रकारे खारट होत नाहीत. काहींत आपल्या जेवणातले मीठच मुख्यत्वे साचते. काहींत धुण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार साचतात. या दुसऱ्या प्रकाराला आपण क्षारीय, अल्कधर्मी सरोवर म्हणतो. त्यांचे पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते.

हा भेद आरंभीच ठरतो. पावसाचे पाणी हवेतील कार्बनवायू घेऊन खडकावर काम करते आणि त्यातून कॅल्शियम, सोडियम आणि बायकार्बोनेट घेऊन खाली येते. पाणी आटू लागले की चुनखडीचा साका प्रथम बसतो. या साक्यात कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही खर्ची पडतात. दोहोंपैकी जे आधी संपेल त्यावर सरोवराचा स्वभाव ठरतो. कॅल्शियम आधी संपले तर कार्बोनेट सोडियमच्या सोबतीला उरते आणि सोडा तयार होतो. ज्वालामुखीच्या खडकांचा प्रदेश या दुसऱ्या प्रकाराला विशेष अनुकूल असतो. स्टीन्स पर्वत सुमारे एक कोटी पासष्ट लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनला आहे.

काळ्या पत्थराशी आपलाही जुना परिचय आहे. आपले दख्खनचे पठार त्याहून खूपच जुने असले, तरी ते त्याच जातीच्या थरांचे आहे आणि त्याच पत्थरात कोरल्या गेलेल्या लोणारच्या विवरातील पाणीही अल्कधर्मीच आहे. लोणार ऋतुमानाप्रमाणे सुकणारे सरोवर नव्हे आणि त्याचा जन्मही उल्कापाताचा. परंतु बंद पात्र, काळा पत्थर आणि बाष्पीभवन ही तीन कारणे एकत्र आली की सोडा कसा जन्मतो, हे पाहण्यास महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला बुलढाण्यापलीकडे जाण्याची गरज नाही. लोणारच्या काठचे लोक तेथील क्षारांना दल्ला, पापडी, भुस्की अशा वेगवेगळ्या नावांनी ओळखत. काच आणि साबण यांसाठी लागणारा माल लोणारला मिळतो, याची नोंद ‘आइने अकबरी’तही आहे. ज्याने एकाच पांढऱ्या थरात इतके भेद पाहिले, त्याने त्या जागेला ‘पडीक’ म्हटले नसेल हे उघड आहे.

रिकाम्या जागेतील वस्ती

वरवर पाहणाऱ्याला आल्वर्डच्या तळावर काहीही दिसत नाही. परंतु सुकलेल्या चिखलात कोळंबीच्या दूरच्या नात्यातील सूक्ष्म जीवांची अंडी वाट पाहत पडलेली असतात. एका वर्षी पाणी न आले तर ती दुसऱ्या वर्षाची वाट पाहतात. पाणी आले की ती उबतात, वाढतात, अंडी घालतात आणि पाणी आटण्यापूर्वी आपला संसार आटोपतात. त्यांच्यावर आणि खाऱ्या पाण्याच्या माश्यांवर चिखलपाय पक्षी जगतात. वसंतात दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या पक्ष्यांना शेकडो मैलांच्या वाळवंटात ही उथळ पाणी म्हणजे वाटेवरील शिधा. हिमटिटवी म्हणावी असा एक लहानसा पांढुरका टिटवीवर्गीय पक्षी तर या उघड्या क्षारभूमीवरच साधा खळगा करून अंडी घालतो. त्याला झाड नको, गवत नको. दूरवर दिसणारी उघडी जमीनच त्याचे संरक्षण आहे. ज्या उजाडपणाची आपणास कीव येते तोच त्याचा तट आहे.

आल्वर्डच्या जवळच टाकणखाराचे एक छोटे सरोवर आहे. त्याचे नावही ‘बोरॅक्स’ असेच आहे. विस्तार जेमतेम दहा एकर. तळातून गरम झरे फुटतात आणि शतकानुशतके त्यांनी सोडलेल्या क्षारांचा काठ चढत जाऊन हे तळे भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे तीस फूट उंचावर, जणू स्वतःच बांधलेल्या चौथऱ्यावर बसले आहे. पाण्यात आर्सेनिक आहे, काही जागी ते हात भाजेल इतके तप्त आहे. आणि या पाण्यात दोन इंचांच्या आसपास लांबीचा एक मासा राहतो, जो जगात दुसरीकडे कोठेही नाही. हिमयुगीन सरोवर आटले तेव्हा त्याचे पूर्वज येथे अडकले आणि या तप्त, क्षारीय पाण्यालाच त्यांनी घर केले. १९८० मध्ये शास्त्रज्ञांनी ही स्वतंत्र जात म्हणून तिचे वर्णन केले.

माणसेही येथे होतीच. उत्तर पायूट लोक गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आधीपासून या प्रदेशात वावरत आले आहेत. स्टीन्सच्या उत्तरेकडील सरोवरांच्या परिसरात राहणारी त्यांची एक शाखा स्वतःला ‘वाडाटिका’ म्हणजे ‘वाडा खाणारे’ असे म्हणवते. वाडा ही क्षारयुक्त काठावर उगवणारी वनस्पती आणि तिचे बारीक बी हे त्यांचे अन्न होते. जेथे काही पिकत नाही असे नव्या मालकांनी लिहून ठेवले, तेथील पिकावरून जुन्या रहिवाशांनी आपले नाव घेतले होते.

उपयोगाची नजर

नव्या मालकांनाही या खोऱ्याचा उपयोग लवकरच सापडला. १८९८ ते १९०७ या काळात बोरॅक्स सरोवराच्या काठचा क्षार खरवडून, कढयांत उकळून टाकणखार काढण्याचा कारखाना चालला. राबणारे मजूर बहुतांशी चिनी होते. तयार माल खेचरांच्या गाड्यांतून सुमारे दोनशे किलोमीटरवरील विनेमका या नेवाडातील रेल्वेच्या गावी जाई. जळण संपत आले, किफायत उरली नाही, कारखाना बंद पडला. पुढे आल्वर्ड सरोवराच्या उत्तरेकडील सपाट वाळवंटाचा उपयोग वेगाच्या शर्यतींसाठी होऊ लागला. १९७६ च्या डिसेंबरात किटी ओ’नील या कर्णबधिर युवतीने अग्निबाणाच्या जोरावर चालणारी तीन चाकी गाडी ताशी ५१२ मैलांवर नेली, ती याच भूमीवर. हा विक्रम मोडण्याच्या प्रयत्नात २०१९ च्या ऑगस्टमध्ये जेसी कॉम्ब्स हिने येथेच प्राण गमावले. तिचा ताशी ५२२ मैलांचा वेग मरणोत्तर मान्य झाला. दरवर्षी पाण्याने सारवून निघालेली इतकी सपाट जमीन माणसाला यंत्राने करता आली नसती, हे या शर्यतींच्या वर्णनात क्वचितच येते.

१९८० च्या सुमारास या परिसरात भूगर्भातील उष्णतेसाठी विंधण घेण्याच्या हालचाली सुरू झाल्या. झऱ्यांचा दाब जरा बदलला तरी चौथऱ्यावरील ते तळे आणि त्यातील मासा संपणार, हे स्पष्ट होते. त्याच वर्षी तातडीच्या हुकमाने आणि १९८२ मध्ये कायम स्वरूपात त्या माशाला संकटग्रस्त म्हणून संरक्षण मिळाले. १९९३ मध्ये एका निसर्गसंरक्षक संस्थेने ते तळेच विकत घेतले. २००० साली स्टीन्स पर्वतासंबंधी जो कायदा झाला त्याने भोवतालच्या सरकारी जमिनी खाणकाम आणि विंधण यांपासून वगळल्या. हा कायदा कोणा एका पक्षाने दुसऱ्यावर लादला नव्हता. गुरे पाळणारे शेतकरी, निसर्गरक्षक आणि सरकार यांच्या दीर्घ वाटाघाटींतून तो आकाराला आला. २०२० मध्ये या माशाचे नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढण्यात आले. अशा यादीतून नावे बहुधा नामशेष झाल्यामुळे जातात अशी आपली समजूत असते. येथे ते जात सुरक्षित झाल्यामुळे गेले. चाळीस वर्षे लागली, पण काम झाले.

याच खोऱ्यातील दुसरी कथा इतकी सुखान्त नाही. आल्वर्ड खोऱ्यातील ओढ्यांत एक खास जातीचा ट्राउट मासा होता. शिकारीची मौज वाढावी म्हणून बाहेरच्या ट्राउटची पिले सोडण्यात आली. दोहोंचा संकर झाला आणि मूळ जात शुद्ध स्वरूपात नामशेष झाल्याचे आज मानले जाते. तेथे कोणीही नाश करावयास निघाला नव्हता. ‘सुधारणा’ करावयासच निघाला होता.

सुकवलेले सरोवर

आता याच वाळवंटी पट्ट्याच्या दक्षिणेला, कॅलिफोर्नियात जावयास हवे. तेथे ओवेन्स नावाचे सरोवर होते. तेही बंद खोऱ्यातले, तेही क्षारीय. पण ते बारमाही होते आणि त्याचा विस्तार सुमारे दोनशे ऐंशी चौरस किलोमीटर होता. १८७२ मध्ये त्याच्यावर ‘बेसी ब्रॅडी’ नावाची आगबोट चालत असे आणि पैलतीराच्या खाणींतील चांदीच्या विटा वाहून नेत असे. १९०० साली लॉस एंजेलिस हे एक लाखाच्या आसपास वस्तीचे शहर होते. १९३० मध्ये ते बारा लाखांवर गेले. या वाढीची तहान भागविण्यासाठी १९१३ मध्ये ओवेन्स नदीचे पाणी २३३ मैलांच्या कालव्याने शहराकडे वळविण्यात आले. स्थापत्यशास्त्राचा तो खरोखरीच मोठा पराक्रम होता. परंतु १९२६ च्या सुमारास सरोवर जवळजवळ कोरडे पडले होते.

येथे कोणी विचारील, की आल्वर्डही कोरडे पडते. मग ओवेन्सचे विशेष काय? उत्तर जमिनीच्या पापुद्र्यात आहे. आल्वर्डचा तळ हजारो वर्षे भिजत आणि वाळत आला आहे. दर वसंतात येणारे पाणी बारीक गाळ पुन्हा पसरते, भेगा भरते आणि वाळताना त्याचा टणक थर होतो. तेथे धूळ मुळीच उडत नाही असे नव्हे, पण तो थर आपली जागा राखून असतो. ओवेन्सचा तळ एकाएकी उघडा पडला. खालून खारे पाणी वर झिरपत राहिले आणि पृष्ठभागावर सोडियमचे कार्बोनेट व सल्फेट जमत गेले. हे क्षार थंडीत पाणी शोषून फुगतात आणि हवा कोरडी झाली की ते पाणी टाकून पिठासारखे मोकळे होतात. वरचा थर फुलतो, भुसभुशीत होतो, आणि पहिल्या वाऱ्याबरोबर आकाशात जातो. एकट्या ओवेन्सच्या तळावरून उडणारी बारीक धूळ ही अनेक वर्षे संपूर्ण अमेरिकेत एका ठिकाणाहून उठणारी सर्वांत मोठी धूळ म्हणून गणली जात होती. ती काठच्या गावांतील लोकांच्या फुप्फुसांत जात होती आणि तिच्यात आर्सेनिकसारखी विषेही होती.

शेवटी कायदा शहराच्या दारात आला. १९९८ मध्ये शहराने धूळ आवरण्याचे मान्य केले आणि २००१ पासून कामे सुरू झाली. तळाच्या काही भागांवर उथळ पाणी सोडणे, काही भागांवर खडी पसरणे, काही ठिकाणी खारे गवत लावणे असे हे उपाय आहेत. त्यांवर आजवर दोनशे कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली आहे. विशेष म्हणजे जेथे उथळ पाणी पुन्हा सोडले, तेथे पक्षी परत आले. जे काम निसर्ग फुकट करीत होता ते नळ, झडपा आणि पगारी अभियंते यांच्याकरवी शहराला करून घ्यावे लागत आहे.

ओरेगॉनमध्येच, आल्वर्डच्या पश्चिमेला, आबर्ट नावाचे आणखी एक क्षारीय सरोवर आहे. २०१४ च्या सुमारास आणि पुन्हा २०२१–२२ मध्ये ते जवळजवळ कोरडे पडले. अवर्षण होतेच, परंतु वरच्या अंगाला शेतीसाठी होणारा उपसाही होता. सुकणे कोठे संपले आणि सुकविणे कोठे सुरू झाले, हे तेथे हिशेबाची वही उघडल्याशिवाय कळत नाही. आणि ती वही उघडण्याची इच्छा नसलेल्यांना अवर्षणाची सबब नेहमीच हाताशी असते.

व्यवहाराचा प्रश्न

यावर एक रास्त आक्षेप येईल. शहराला पाणी नको काय? गुरांना चारा नको काय? चार पक्ष्यांसाठी आणि बोटभर माशासाठी लाखो माणसांनी तहानेने मरावे काय? असे कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. ज्या राज्यात उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागरी घेऊन बाया धावतात, त्या राज्यातील लेखकाने पाण्याच्या गरजेला नाक मुरडणे शोभणार नाही.

मुद्दा गरजेचा नाही. तो हिशेबाचा आहे. ओवेन्सचे पाणी नेताना सरोवराची किंमत शून्य धरण्यात आली. त्याचे पाणी पिता येत नाही, त्यात शेती होत नाही, म्हणून ते ‘वाया जाणारे’ पाणी ठरले. शून्य धरलेली ती किंमत शहराने पुढे पाऊण शतकानंतर धुळीच्या रूपाने, आणि तीही दामदुपटीहून अधिक, मोजली. त्याआधीच ती काठच्या लोकांनी श्वासातून मोजली होती आणि तिची पावती त्यांना कोणी दिली नाही. आरंभीच खरा हिशेब मांडला असता तर कदाचित पाणी नेलेच गेले असते, पण थोडे कमी, आणि सरोवर निदान ओले राहील इतके राखून. स्टीन्सच्या कायद्याने दाखविले, की ज्यांचे हितसंबंध परस्परविरुद्ध आहेत अशांनाही एका मेजाभोवती बसता येते. मात्र मेजावर सरोवरालाही एक जागा द्यावी लागते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. विजेवर चालणाऱ्या वाहनांना लागणारे लिथियम याच वाळवंटी पट्ट्यातील प्राचीन सरोवरांच्या गाळात सापडते. आल्वर्डच्या दक्षिणेला, नेवाडाच्या हद्दीतील थॅकर पास येथे २०२३ मध्ये अशा खाणीचे बांधकाम सुरू झाले. धूर न ओकणारी वाहने हवीत, हे कोण नाकारील? परंतु टाकणखाराच्या वेळी, पाण्याच्या वेळी आणि आता लिथियमच्या वेळी, वाळवंटाकडे पाहणारी नजर तीच राहणार असेल, तर हिशेबातील चूकही तीच राहील.

आपल्या घरचा आरसा

ही केवळ परदेशाची कथा नव्हे. राजस्थानातील सांभर हे पावसाळ्यात भरणारे आणि उन्हाळ्यात आटणारे सरोवर १९९० पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. त्याला पाणी आणणाऱ्या मेंढा आणि रूपनगढ या नद्यांवर वरच्या अंगाला बंधारे झाले आणि भोवती कूपनलिका झाल्या. २०१९ च्या नोव्हेंबरात तेथे अठरा हजारांहून अधिक पक्षी एका जिवाणुजन्य विषबाधेने मेले, तेव्हा देशाचे लक्ष त्या सरोवराकडे गेले. आपले लोणार २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले तेव्हा त्याची छायाचित्रे जगभर गेली. तो रंग खारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखविले. त्याच वर्षी लोणारचा त्या यादीत समावेशही झाला. पक्षी मेले किंवा पाणी गुलाबी झाले तरच आपण पाहणार, आणि एरवीच्या वर्षी त्या पाण्यात काय चालले आहे ते विचारणार नाही, ही आपली सवय आहे.

आणि ‘चोपण’ हा शब्द तर आपल्या शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला. कालव्याचे पाणी उसाला बेसुमार दिले, निचऱ्याची सोय केली नाही, आणि चांगली काळी जमीन चोपण झाली, असे दाखले आपल्या बागायती पट्ट्यात शोधावे लागत नाहीत. ओवेन्सला पाणी काढून घेतल्याने खार वर आला. आपल्याकडे पाणी ओतल्याने वर आला. दोन्हीकडे मोडला तो पाण्याचा तोल. ज्यांना क्षाराचे शास्त्र दूरचे वाटते त्यांनी आपल्याच तालुक्यातील अशा एखाद्या शेताच्या बांधावर जाऊन उभे राहावे.

पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. त्या कराराने पाणथळ जागेची जी व्याख्या केली तिच्यात पाणी कायमचे असो वा तात्पुरते, गोडे असो वा खारे, असे स्पष्ट म्हटले आहे. तात्पुरते आणि खारे: आल्वर्डसारख्या सरोवराचे वर्णन याच दोन शब्दांनी करता येईल. आपण ज्या करारावर सही केली आहे त्यात ही दोन्ही विशेषणे आहेत. आपल्या तलाठी दप्तरात आणि आपल्या मनात ती अद्याप उतरलेली नाहीत. उन्हाळ्यात कोरडे दिसणारे तळे पाहिले की कोणाला तेथे बाजार भरवावासा वाटतो, कोणाला बसस्थानक उभारावेसे वाटते, कोणाला गावचा कचरा टाकावासा वाटतो. पावसाळ्यात पाणी आपल्या जागी परत आले म्हणजे मात्र त्याला आपण ‘पूर’ म्हणतो.

शाळेतील शिक्षकांना येथे एक छोटी सूचना करावीशी वाटते. नकाशात बारमाही सरोवर अखंड निळ्या रेषेने दाखवितात आणि ऋतुमानाप्रमाणे भरणारे सरोवर तुटक रेषेने. मुले ती तुटक रेषा पाहून पुढे जातात. तेथे क्षणभर थांबून त्यांना विचारावे, की ही रेषा तुटक का? पाणी येथून कोठे जाते? ते नसते तेव्हा येथे कोण वाट पाहत असते? आणि आपल्या गावच्या नकाशात अशी तुटक रेषा कोठे होती, आज तेथे काय उभे आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास मुलांना घरातील वडीलधाऱ्यांकडे जावे लागेल. ते त्यांनी अवश्य जावे. जे पाणी सुकते ते परत येते. सुकवलेले पाणी परत आणावयाचे तर काय पडते, हे ओवेन्सच्या काठी कोणालाही पाहता येईल.